राखणीच्या कुत्र्याचा रक्तक्षय आणि रक्ताची परीक्षा

शेतीच्या कामी येणाऱ्या जनावरांची मोजदाद करताना आपण बैल, गाय, म्हैस, शेळी, मेंढी आणि कोंबडी यांची नावे घेतो. कुत्र्याचे नाव त्या यादीत क्वचितच येते. वास्तविक रानातील वस्तीवर राहणाऱ्या शेतकऱ्याचा पहिला राखणदार तोच होय. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या तालुक्यांत उसाच्या फडातून बिबट्यांचा वावर आहे. रात्री गोठ्याजवळ कोणी आले तर त्याची पहिली वर्दी कुत्राच देतो. भुईमुगात अगर मक्यात रानडुकरे शिरली तरी तोच घरधन्याला उठवितो. मेंढ्यांचे कळप घेऊन गावोगाव हिंडणाऱ्या धनगर बांधवांचा तर कुत्र्यावाचून एक मुक्कामही निर्धास्तपणे पार पडत नाही.

असे असूनही कुत्रा आजारी पडला म्हणजे त्याच्याकडे गायीबैलांइतके लक्ष दिले जात नाही. “चार दिवसांनी आपोआप उठेल” किंवा “कोणीतरी विष घातले असेल” असे म्हणून गोष्ट तेथेच सोडून देण्यात येते. कुत्र्याच्या काही आजारांत अशी चार दिवसांची उपेक्षाच प्राणघातक ठरते. त्यांपैकी एका आजाराची, व तो ओळखण्यासाठी करावयाच्या रक्तपरीक्षेची, माहिती शेतकरी बंधुभगिनींना करून द्यावी असा या लेखाचा हेतू आहे.

एका वस्तीवरील अनुभव

गतवर्षी आश्विन महिन्यात रांगड्या कांद्याची पाहणी करण्याकरिता प्रस्तुत लेखक शिरूर तालुक्यातील एका वस्तीवर गेला होता. एरवी बांधावर पाऊल पडताच भुंकत येणारा मोत्या त्या दिवशी पडवीत निपचित पडलेला होता. चौकशी करता घरातील वडीलधारे गृहस्थ म्हणाले, “साहेब, तीन दिस झालं, मोत्या उठंनाच बघा. कुणीतरी कायतरी खायला घातलंय त्याला.”

“आबा, लघवी कशी होते त्याची?” असे मी विचारले.

“कोऱ्या चहावाणी, साहेब. लालभडक नाय, पन काळपट.”

मोत्याचा ओठ हळूच वर करून पाहिला तेव्हा हिरड्या कापसासारख्या पांढऱ्या दिसल्या. डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर पिवळी झाक होती. श्वास भराभर चालला होता. शेजारच्या वस्तीवरील एक तरुण “ताकदीचे इंजेक्शन” घेऊन यावयास निघालाच होता. ते थांबवून, कुत्र्याला ताबडतोब तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे असा मी आग्रह धरला.

या आग्रहामागे एक जुने शल्य होते. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका वस्तीवर हीच लक्षणे असलेला कुत्रा मी पाहिला होता. मी शेतीचा पदवीधर आहे, पशुवैद्य नव्हे. तरीही त्या वेळी “दोन दिवस वाट पाहा” असा सल्ला मी देऊन बसलो. दुसऱ्या रात्रीच तो कुत्रा मेला. तो कशाने मेला हे अखेर कोणालाच कळले नाही, कारण त्याच्या रक्ताचा एक थेंबही कोणी तपासला नव्हता.

फिक्या हिरड्यांची कारणे

हिरड्या फिक्या पडणे हे रक्तक्षयाचे लक्षण आहे. रक्तक्षय म्हणजे रक्तातील तांबड्या पेशी कमी होणे. या पेशी फुप्फुसांतून प्राणवायू घेऊन तो शरीरभर पोहोचवितात. त्या कमी झाल्या की जनावर थकते, त्याला धाप लागते आणि हृदय जोराने धडधडू लागते. मात्र रक्तक्षय हा स्वतः एक रोग नसून अनेक रोगांचा परिणाम आहे. शेतावरील कुत्र्यात तो प्रामुख्याने पुढील पाच कारणांनी होतो.

पहिले कारण रक्त वाहून जाणे. अपघातातील जखम डोळ्यांना दिसते. परंतु उंदरांसाठी ठेवलेल्या ब्रोमाडिओलोनसारख्या विषाने शरीराच्या आत होणारा रक्तस्राव दिसत नाही. हे विष अगर ते खाऊन मेलेला उंदीर कुत्र्याच्या पोटात गेला, तर रक्त गोठण्याची क्रिया बंद पडते आणि तीन ते पाच दिवसांनी लक्षणे दिसू लागतात. त्यावर जीवनसत्त्व ‘के-१’ हा खात्रीचा उतारा आहे. पण तो वेळेवर मिळावयास हवा.

दुसरे कारण आतड्यातील अंकुशकृमी. हे कृमी आतड्याला चिकटून रक्त शोषतात. लहान पिल्ले यामुळे विशेषेकरून दगावतात.

तिसरे कारण गोचिडांमार्फत रक्तात शिरणारे सूक्ष्म परोपजीवी. याचा विचार पुढे सविस्तर केला आहे.

चौथे कारण आपल्या कांदा उत्पादकांनी अवश्य ध्यानात ठेवावे. कांदा कुत्र्याला विषारी आहे. किलो वजनामागे सुमारे १५ ते ३० ग्रॅम कांदा पोटात गेला तर तांबड्या पेशींवर अनिष्ट परिणाम होतो. म्हणजे वीस किलोच्या कुत्र्याला ३०० ते ६०० ग्रॅम कांदा बाधण्यास पुरेसा होतो. कांदा शिजविला तरी त्याचा हा दोष जात नाही. चाळीतील सडका कांदा उकिरड्यावर उघडा टाकू नये आणि कांद्याचे कालवण कुत्र्याला घालू नये.

पाचवे कारण या लेखाचा मुख्य विषय आहे. कुत्र्याची रोगप्रतिकारशक्ती त्याच्या स्वतःच्याच तांबड्या पेशींवर उलटते व त्यांचा नाश करते. यास स्वयंप्रतिकार रक्तक्षय असे म्हणता येईल.

ही पाचही कारणे बाहेरून पुष्कळशी सारखीच दिसतात. उपचार मात्र प्रत्येकाचे निराळे आहेत. म्हणूनच केवळ हिरड्या पाहून औषध देणे म्हणजे मातीची परीक्षा न करता खत टाकण्यासारखे आहे. फरक इतकाच की, चुकीच्या खताने एक हंगाम बुडतो आणि येथे जीव जातो.

राखणदारच घरावर उलटतो तेव्हा

शरीरात परका जंतू शिरला असता त्याला ओळखून चिकटणारे प्रथिनमय पदार्थ रक्तात तयार होतात. त्यांना प्रतिपिंडे म्हणतात. प्रतिपिंड चिकटलेला जंतू हा जणू खूण केलेला चोर होय. प्लीहेतील व यकृतातील भक्षक पेशी तो गिळून टाकतात. आपले कोण आणि परके कोण हा भेद शरीराला सामान्यतः अचूक कळतो.

या विषयाचा इतिहास शेळ्यांपासून सुरू होतो हे वाचून शेतकऱ्यांना कौतुक वाटेल. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत पॉल एर्लिख व त्यांचे सहकारी मॉर्गेनरोथ यांनी एका शेळीचे रक्त दुसऱ्या शेळीला टोचून पाहिले. दुसऱ्या शेळीने पहिलीच्या तांबड्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडे तयार केली. स्वतःच्या पेशींविरुद्ध मात्र केली नाहीत. यावरून, शरीर स्वतःवर विष घालीत नाही असा नियम एर्लिख यांनी मांडला. परंतु १९०४ मध्ये व्हिएन्ना येथे डोनाथ आणि लँडस्टायनर यांनी काही रुग्णांच्या रक्तात स्वतःच्याच तांबड्या पेशी फोडणारे प्रतिपिंड असल्याचे दाखवून दिले. नियमाला अपवाद आहे व तो घातक आहे, हे त्या वेळी सिद्ध झाले. पुढे माणसाप्रमाणे कुत्र्यालाही असे रोग होतात हे आढळून आले. ल्यूपस नावाचा सर्वांगव्यापी स्वयंप्रतिकार रोग कुत्र्यांत होतो याचे सविस्तर वर्णन १९६५ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाले.

निरोगी कुत्र्याची तांबडी पेशी सुमारे ११० ते १२० दिवस जगते. या रोगात प्रतिपिंडे चिकटलेल्या पेशी त्यापूर्वीच नष्ट होऊ लागतात. त्यांतील रंगद्रव्याचे पित्तद्रव्यात रूपांतर होऊन कावीळ दिसते. पेशी रक्तवाहिन्यांतच फुटल्या तर लघवी लाल अगर काळपट होते. हाडांतील मगज नव्या पेशी बनविण्याचा प्रयत्न करतो. पण नव्या पेशी रक्तात पुरेशा संख्येने येण्यास तीन ते पाच दिवस लागतात. तोवर नाशाचा वेग जास्त असेल तर कुत्रा तग धरीत नाही.

हा रोग कधी उघड कारणावाचून होतो. कॉकर स्पॅनिएलसारख्या काही जातींत त्याचे प्रमाण अधिक आढळते. कधी मात्र त्याच्यामागे परोपजीवी, एखादे औषध किंवा गाठीचा रोग असतो. आपल्या हवामानात या मागच्या कारणाचा शोध घेतल्याखेरीज पुढे जाऊ नये.

रक्त बोलते ते कसे

दवाखान्यात मोत्याच्या रक्ताची जी परीक्षा झाली ती येथे क्रमाने सांगतो, म्हणजे वाचकांना तिचे मर्म कळेल.

पशुधन विकास अधिकाऱ्यांनी कोणतेही औषध देण्यापूर्वी पुढच्या पायाच्या शिरेतून रक्त घेतले. हा क्रम महत्त्वाचा आहे. प्रतिकारशक्ती दाबणारे औषध अगोदर टोचले तर पुढील चाचण्यांचे निष्कर्ष बिघडण्याचा संभव असतो. रक्त गोठू नये म्हणून ते जांभळ्या बुचाच्या, ईडीटीए नावाचे द्रव्य असलेल्या नळीत भरले. याखेरीज कानाच्या कडेला सुईने टोचून आलेल्या थेंबाचा काचपट्टीवर पातळ थर दिला. बारीक केशवाहिन्यांतील रक्तात परोपजीवी सापडण्याची शक्यता अधिक असते म्हणून असे करतात. ती काचपट्टी लगेच झाकून ठेवली, कारण उघडी राहिली तर माश्या तिच्यावरील रक्त चाटून टाकतात!

पहिली चाचणी पेशींच्या प्रमाणाची. केसासारख्या बारीक काचनळीत रक्त भरून ती यंत्रात वेगाने फिरवितात. जड पेशी तळाशी बसतात व वर रक्तद्रव राहतो. निरोगी कुत्र्यात पेशींचा भाग साधारणपणे शेकडा ३७ ते ५५ असतो. ग्रेहाउंडसारख्या शिकारी, सडपातळ जातींत तो याहूनही जास्त असू शकतो. मोत्याचे प्रमाण अवघे १६ भरले. याच नळीत आणखी एक साक्ष मिळते. वरचा रक्तद्रव पिवळा असेल तर कावीळ, तांबूस असेल तर पेशी रक्तवाहिन्यांतच फुटत आहेत असे समजावे. आणि तो नितळ असून त्यातील प्रथिने कमी झाली असतील, तर रक्तस्राव अगर कृमी यांचा संशय घ्यावा. मोत्याचा रक्तद्रव गर्द पिवळा होता. उंदराच्या विषाचा संशय येथेच पुष्कळसा दूर झाला.

दुसरी चाचणी अत्यंत सोपी आहे. काचपट्टीवर रक्ताच्या एका थेंबात मिठाच्या निर्जंतुक द्रावणाचे चार थेंब मिसळून पट्टी हलवितात. निरोगी रक्त एकसारखे पसरते. प्रतिपिंडांनी पेशी एकमेकींस जखडल्या असतील तर तांबड्या कण्या पडलेल्या दिसतात. मात्र पेशी नाण्यांच्या चळतीप्रमाणे नुसत्या एकावर एक रचल्या गेल्या असल्या तरीही डोळ्यांस तसाच भास होतो. म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली खात्री करून घ्यावी लागते. शंका उरल्यास पेशी मिठाच्या द्रावणात धुऊन पुन्हा पाहतात.

तिसरी परीक्षा सूक्ष्मदर्शकाची. कुत्र्याची निरोगी तांबडी पेशी मध्यभागी फिकट दिसते. भक्षक पेशीने तिचा लचका तोडला म्हणजे उरलेला भाग आखडून लहान, गोल व सर्वत्र सारखा गडद होतो. अशा गोलपेशी मोठ्या संख्येने दिसल्या तर स्वयंप्रतिकार रक्तक्षयाचा तो बळकट पुरावा होय. कांद्याच्या विषबाधेत पेशीच्या कडेला निराळ्याच प्रकारच्या गाठी दिसतात. मोत्याच्या रक्तात गोलपेशी पुष्कळ होत्या आणि कण्याही पडल्या होत्या.

चौथी चाचणी कूंब्स यांच्या नावाने ओळखली जाते. १९४५ मध्ये केंब्रिज येथे रॉबिन कूंब्स यांनी मूरांट व रेस या सहकाऱ्यांसमवेत ती प्रसिद्ध केली. कूंब्स यांचे मूळ शिक्षण पशुवैद्यकाचे होते, ही गोष्ट पशुवैद्यक क्षेत्राला भूषणावह आहे. पेशींना प्रतिपिंडे चिकटलेली असली तरी पुष्कळदा ती दोन पेशींना जोडण्याइतकी लांब पोहोचत नाहीत. त्यामुळे कण्या पडत नाहीत व रोग लपून राहतो. अशा धुतलेल्या पेशींवर ‘कुत्र्याच्या प्रतिपिंडांविरुद्धचे प्रतिपिंड’ सोडतात. ते दुव्याप्रमाणे दोन पेशींवरील प्रतिपिंडांना जोडते आणि कण्या पडतात. यासाठी कुत्र्याकरिता बनविलेले द्रव्यच हवे. माणसाच्या रक्तासाठी असलेले चालत नाही. ही चाचणी प्रत्येक दवाखान्यात होत नाही. नमुना थंड ठेवून, परंतु गोठू न देता, सोयी असलेल्या प्रयोगशाळेकडे पाठवावा लागतो.

यांपैकी कोणतीही एक चाचणी एकटी निर्णायक नाही. २०१९ मध्ये पशुवैद्यक तज्ज्ञांनी एकमताने ठरविलेल्या सूत्राप्रमाणे रक्तक्षय तर असावाच. शिवाय गोलपेशी, कण्या व कूंब्स चाचणी यांपैकी किमान दोन पुरावे मिळावेत आणि पेशी फुटत असल्याची कावीळ अगर लाल लघवी यासारखी खूणही असावी. तेव्हाच निदान पक्के धरावे. पंचनाम्यात एका साक्षीदारावर भिस्त ठेवीत नाहीत, तसेच हे आहे.

गोचीड आणि गुप्त शत्रू

निदान येथवर झाले म्हणजे काम संपले असे नाही. प्रतिकारशक्ती का उलटली हा प्रश्न उरतोच. आपल्याकडे या प्रश्नाचे उत्तर अनेकदा गोचिडांत सापडते.

बबेसिया नावाचे परोपजीवी तांबड्या पेशींत राहून वाढतात. त्यांपैकी बबेसिया गिब्सोनी या बारीक जातीचा शोध आपल्याच देशात लागला. १९१० मध्ये पॅटन यांनी मद्रासच्या शिकारी पथकातील कुत्र्यांच्या रक्तात व नंतर कोल्ह्याच्या रक्तातही तो पाहिला. गोचिडांप्रमाणेच कुत्र्यांच्या भांडणातील चाव्यांमधूनही त्याचा प्रसार होतो. एहर्लिकिया कॅनिस हा दुसरा जंतू पांढऱ्या पेशींत राहतो. त्याचे वर्णन १९३५ मध्ये अल्जीरियात झाले. तो कुत्र्याच्या तपकिरी गोचिडामार्फत पसरतो व रक्त गोठविणाऱ्या बिंबिका कमी करतो. या दोन्ही रोगांत पेशींवर प्रतिपिंडे चढून स्वयंप्रतिकार रोगासारखेच चित्र उभे राहू शकते.

खरी अडचण येथेच आहे. स्वयंप्रतिकार रोगात प्रतिकारशक्ती दाबावी लागते. परंतु रक्तात परोपजीवी लपून बसला असेल तर तीच प्रतिकारशक्ती कुत्र्याचा आधार असते. ती दाबली तर शत्रूला मोकळे रान मिळते. “ताकदीचे” म्हणून बिनदिक्कत टोचल्या जाणाऱ्या स्टेरॉइड औषधाने कुत्रा एक-दोन दिवस उभा राहतो, चार घास खातो आणि धन्याला तो बरा झालासा वाटतो. आतला रोग मात्र वाढतच असतो.

मोत्याच्या काचपट्टीवर परोपजीवी दिसला नाही. तथापि गिब्सोनी जातीचे परोपजीवी अतिशय बारीक असून संख्येने थोडे असले तर नजरेतून सुटतात. म्हणून पशुवैद्यांनी रक्ताचा दुसरा भाग परोपजीवीचे जनुकीय द्रव्य शोधणाऱ्या पीसीआर चाचणीसाठी पाठविला. निकाल येण्यास चार दिवस लागणार होते आणि तितके दिवस कुत्रा काढील याची शाश्वती नव्हती. तेव्हा शेजारच्या वस्तीवरील एका धडधाकट कुत्र्याचे रक्त तपासून व जुळवून ते मोत्याला देण्यात आले. प्रतिकारशक्ती दाबणारे औषध मोजक्या मात्रेत व रोज पेशींचे प्रमाण पाहूनच दिले गेले.

इतर स्वयंप्रतिकार रोग

प्रतिकारशक्ती केवळ तांबड्या पेशींवरच उलटते असे नाही. ती बिंबिकांवर उलटली तर हिरड्यांवर व पोटाच्या कातडीवर बारीक तांबडे ठिपके उठतात, नाकातून रक्त येते. यंत्राने मोजलेली बिंबिकांची संख्या कमी आली तरी काचपट्टी पाहणे आवश्यक असते, कारण नळीत बिंबिकांचे पुंजके झाल्यास यंत्राची मोजणी फसते.

ल्यूपसमध्ये ताप, आलटून पालटून सांधे धरणे, नाकावर व्रण, लघवीतून प्रथिने जाणे अशी मिश्र लक्षणे असतात. त्यासाठी पेशीकेंद्राविरुद्धच्या प्रतिपिंडांची, म्हणजे एएनए नावाची, चाचणी करतात. येथे एक सावधगिरी हवी. काही निरोगी कुत्र्यांत व एहर्लिकियासारख्या संसर्गातही ही चाचणी होकारार्थी येते. सबब लक्षणे नसताना केवळ हौसेने ती करवून घेऊ नये, आणि होकारार्थी आली म्हणून लागलीच ल्यूपस ठरवू नये. कातडीवर खपल्या धरणाऱ्या पेम्फिगस या स्वयंप्रतिकार रोगात तर रक्तापेक्षा कातडीचा तुकडा काढून केलेली तपासणीच निर्णायक असते.

हे रोग स्पर्शाने माणसाला, गुरांना किंवा दुसऱ्या कुत्र्याला लागत नाहीत. आजारी कुत्र्याला वस्तीबाहेर हाकलून देण्याचे त्यामुळे काहीच कारण नाही.

उपचारातील पथ्य

स्वयंप्रतिकार रक्तक्षयात पहिले दोन आठवडे सर्वांत धोक्याचे असतात. रक्तक्षयाबरोबरच रक्तवाहिन्यांत गुठळ्या होण्याचा धोका असतो. त्यासाठीही औषध द्यावे लागते. पेशींचे प्रमाण स्थिरावल्यावर औषधाची मात्रा टप्प्याटप्प्याने कमी करतात. संपूर्ण उपचारास बहुधा चार ते आठ महिने लागतात. कुत्रा हिंडू-फिरू लागला म्हणून औषध मध्येच बंद केल्यास रोग पुन्हा उसळतो. औषध चालू असता तहान, भूक व लघवी वाढते. म्हणून पाण्याचे भांडे कधीही रिकामे ठेवू नये. माणसांसाठी असलेल्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्याला मुळीच देऊ नयेत.

शेतकऱ्याने काय करावे

१. महिन्यातून एकदा कुत्र्याच्या हिरड्यांचा रंग पाहून ठेवावा. निरोगी रंग ओळखीचा असेल तर फिकेपणा चटकन ध्यानात येतो. मात्र कुत्र्याच्या तोंडातून लाळ गळत असेल, त्याला गिळता येत नसेल किंवा स्वभाव एकाएकी बदलला असेल तर त्याच्या तोंडात हात घालू नये. ती पिसाळण्याची लक्षणे असू शकतात.

२. हिरड्या फिक्या, लघवी काळपट, श्वास जलद व कुत्रा निपचित, अशी लक्षणे दिसताच त्याच दिवशी दवाखाना गाठावा. जाताना कुत्र्याला पळवू नये. उचलून अगर वाहनातून न्यावे.

३. औषध टोचण्यापूर्वी रक्त घेण्याची विनंती करावी. तालुक्याला सोय नसेल तर जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय किंवा मुंबई, नागपूर, शिरवळ यांसारख्या ठिकाणच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय यांची वाट विचारावी.

४. मागील महिनाभरात दिलेली औषधे, टोचलेल्या लसी, शेतात ठेवलेले उंदरांचे विष, खाल्लेला कांदा व अंगावरील गोचीड यांची माहिती न लपविता सांगावी.

५. गोचीड बोटांनी चिरडू नयेत. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावेत व साबणाच्या पाण्यात बुडवावेत. रॉकेल कुत्र्याच्या अंगाला लावू नये. गुरांवर वापरावयाचे गोचीडनाशक अंदाजाने कुत्र्यावर ओतू नये. मात्रा पशुवैद्याला विचारूनच ठरवावी.

६. तपकिरी गोचीड आयुष्याचा मोठा काळ कुत्र्याच्या अंगावर नव्हे, तर भिंतीच्या भेगांत काढतो आणि एकेक मादी हजारो अंडी घालते. म्हणून कुत्र्याच्या जागेच्या भेगा लिंपाव्यात, जुनी गोणपाटे जाळावीत व जागा कोरडी ठेवावी. केवळ कुत्रा धुऊन गोचीड हटत नाहीत.

७. पिसाळरोगाची लस दरवर्षी टोचून घ्यावी. कुत्रा स्वयंप्रतिकार रोगातून उठलेला असल्यास लसीची वेळ पशुवैद्याच्या सल्ल्याने ठरवावी.

समारोप

चौथ्या दिवशी मोत्याच्या रक्ताचा अहवाल आला. त्यात बबेसिया गिब्सोनी आढळला होता. म्हणजे प्रतिकारशक्ती उलटली होती हे खरे. पण तिला उलटविणारा गोचीड होता. पशुवैद्यांनी परोपजीवीवरील औषध सुरू केले आणि प्रतिकारशक्ती दाबणारे औषध लवकर उतरवीत आणले. तीन आठवड्यांनी पेशींचे प्रमाण ३३ वर आले. रक्त न तपासता “ताकदीचे इंजेक्शन” दिले गेले असते तर काय झाले असते हे निराळे सांगावयास नको.

रांगडा कांदा निघाला त्या सुमारास मी पुन्हा त्या वस्तीवर गेलो, तेव्हा मोत्या बांधावरूनच अंगावर धावून आला. आबांनी त्याला दटावले आणि म्हणाले, “साहेब, आता मळ्यात माती तपासायची म्हटलं की मी नाय म्हनत न्हाई. रगतात येवढं लिव्हलेलं असतंय, तर मातीत किती असंल!”

पडवीच्या भिंतीच्या भेगा त्यांनी स्वतः लिंपून घेतल्या होत्या, आणि सडका कांदा टाकण्यासाठी वस्तीपासून दूर खड्डा खणला होता. प्रत्येक वस्तीवर इतके जरी झाले, तरी अनेक राखणदार अकाली जाण्यापासून वाचतील.